मदत हवी आहे: वॉशर बदलला तरी नळ ठिबकतोच

स्वयंपाकघरातला अर्ध्या इंची पितळी नळ ठिबकतोय. मेन कॉक बंद करून स्पिंडल (मुठीखालची फिरणारी दांडी) काढला, नवा रबरी वॉशर टाकला. थोडे दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. टॉर्च मारून पाहिलं तर वॉशर जिथे टेकतो त्या कडेवर बारीक खाच दिसते, शिवाय बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. खाचेतून पाणी वाट काढणारच, वॉशर कितीही बदला.

ती कड घासून सपाट करायचं हत्यार हार्डवेअरच्या दुकानात मिळतं का? की नळ लेथवाल्याकडे न्यावा? प्लंबर म्हणतो, सिरॅमिक कार्ट्रिजचा (रबरी वॉशरऐवजी आत सिरॅमिकच्या चकत्या असलेला) नवा बसवा. पण क्षाराच्या पाण्यात तो टिकतो का? जुना चांगला जाड पितळेचा आहे, टाकवत नाही. ऐन उन्हाळ्यात पाणी असं वाया जाताना बघवतही नाही. कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.