डी ला सोलचा पहिला अल्बम: तेव्हाचे समीक्षक काय ऐकत होते?

मांजराकाठ (लातूर):
कॉलेजच्या वार्षिकांकासाठी डी ला सोल या अमेरिकन रॅप त्रिकुटाच्या ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ या पहिल्या अल्बमवर लेख लिहितोय. आज वाचावं तिथं नुसता ‘अजरामर’ हा शब्द. १९८९मध्ये समीक्षकांना नेमकं काय भावलं? आणि हिप्पीपणाचा शिक्का कुठून आला?

गोदाकाठ (नांदेड):
आधी त्या वर्षीची परीक्षणं एका बाजूला काढा, नंतरची दुसऱ्या बाजूला. नंतर लिहिणाऱ्याला अल्बमचा पुढचा प्रभाव ठाऊक असतो. दोन्हींची सरमिसळ झाली की तेव्हाचं स्वागत कळतच नाही.

न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाच्या ‘पॅझ अँड जॉप’ या समीक्षकांच्या कौलात तो १९८९चा पहिला अल्बम. आदल्या वर्षी तिथं पब्लिक एनिमी हा रॅप गट अव्वल होता, म्हणजे रॅपला दार उघडलेलं होतंच. नवा होता तो या तिघांचा सूर: दरडावणी नाही, आपसातली थट्टा, गाण्यांमध्ये पेरलेली प्रश्नमंजूषा. वर निर्माता प्रिन्स पॉलनं केलेली तुकड्यांची जुळणी लई भन्नाट. फंकाडेलिक आणि स्टीली डॅन या बँडची गाणी, फ्रेंच शिकवणारी तबकडी, सगळं एकाच अल्बमात.

शिक्का बसला मुखपृष्ठावरच्या फुलांमुळे आणि ‘डेझी एज’ या घोषणेमुळे; डेझी हे फुलाचं नाव. गट ‘डेझी’ची फोड ‘दा इनर साउंड, यॉल’ अशी करायचा, पण लिहिणाऱ्यांनी थेट साठच्या दशकाशी नातं जोडलं. गटाला ते जाचलं. १९९१च्या दुसऱ्या अल्बमचं नावच ‘डी ला सोल इज डेड’, मुखपृष्ठावर फुटकी कुंडी. हे लेखात घ्याच राव, कारण इथं कौतुक करणाऱ्यांनीच गटाला चौकटीत बसवलं.

बालाघाट (बीड):
सॅम्पलचा, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्यांचा, भाग सोडू नका. टर्टल्स या बँडच्या ‘यू शोड मी’ गाण्याचा तुकडा वेग कमी करून वापरला, परवानगी नव्हती, दावा झाला, कोर्टाबाहेर मिटला. जुन्या सॅम्पल-करारांत डिजिटल वितरण धरलेलं नव्हतं. अल्बम स्ट्रीमिंगवर यायला ३ मार्च २०२३ उजाडला, त्याचं हे एक मोठं कारण.

आपल्याकडं रॅप करणाऱ्यांसाठीही हे कामाचं आहे. कॅसेटवरचं भीमगीत उचलायचं तर दोन परवानग्या: गीत-संगीताची एक, ध्वनिमुद्रणाची दुसरी. गोंधळाची पारंपरिक चाल खुली असेल, पण कंपनीचं ध्वनिमुद्रण नसतं. भारतात त्यावर प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. सूर खाली नेला, वेग बदलला, तरी तो सुटत नाही. त्यापेक्षा संबळवाला बोलवा, मानधन द्या, लेखी संमती घ्या आणि नव्यानं वाजवून घ्या.

मांजराकाठ (लातूर):
बरं झालं, दादा. परीक्षणांचे दोन गठ्ठे करतो आणि फुटक्या कुंडीपासूनच सुरुवात करतो.