दूतावास तपास करत नाही
परदेशात आपलं माणूस बेपत्ता झालं तर दूतावासाला कळवलं की पुढचं तेच बघतील, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. तसं होत नाही. परक्या देशात तपासाचा अधिकार तिथल्या पोलिसांचाच. वकिलातीचे अधिकारी त्यांच्याकडे पाठपुरावा करतात, रुग्णालयं-तुरुंगांत चौकशी करतात, वकील आणि दुभाष्यांची यादी देतात, बस्स. म्हणून तक्रार दोन्हीकडे हवी: व्यक्ती शेवटची दिसली तिथे, आणि मायदेशातल्या पोलीस ठाण्यातही. ही दुसरी तक्रार राहून जाते आणि तिथेच गाडं अडतं, कारण इंटरपोलची पिवळी नोटीस (बेपत्ता व्यक्तीच्या शोधासाठी देशोदेशीच्या पोलिसांना जाणारी सूचना) कुटुंबाला थेट मागता येत नाही. ती पोलीस यंत्रणेमार्फत, त्या-त्या देशातल्या इंटरपोल कक्षाकडूनच जाते.

'अटक झाली असती तर दूतावासाला कळलंच असतं' हा तर्कही पटला नाही. वकिलातींच्या कामकाजाबद्दलचा व्हिएन्ना करार (१९६३), कलम ३६: अटकेतल्या माणसाने स्वतः मागणी केली तरच वकिलातीला खबर देणं बंधनकारक. काही द्विपक्षीय करारांत ती सक्तीची आहे, पण सगळीकडे नाही. तेव्हा कोठडी, तुरुंग आणि स्थलांतरितांची स्थानबद्धता केंद्रं यांची चौकशी लेखी मागा, पासपोर्टवरचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक देऊन. स्पेलिंगमधल्या एका अक्षराने नोंद सापडत नाही. बेपत्ता माणसाचं सिम घाईने बंद करू नका, कार्डही बँकेशी आणि पोलिसांशी बोलल्याशिवाय गोठवू नका. शेवटचा व्यवहार कुठे झाला हाच बहुधा सगळ्यात पक्का धागा असतो. सीसीटीव्हीचं चित्रण मात्र आपोआप पुसलं जातं, ते राखून ठेवण्याची विनंती तक्रारीतच लिहा.