जुन्या जीपचा ट्रान्सफर केस उघडायचाय, आधी रेशो कसा ओळखायचा? (नागपूर)

काटोलरोडची_जीप
नमस्कार मंडळी. बाबांच्या वेळची महिंद्रा सीजे थ्री बी आहे, शेतावर चालते. इंजिन मधात कोणीतरी डिझेल बसवलं, गिअरबॉक्स तीन गिअरचाच आहे, मागचं हाऊसिंग (डिफरन्शियलचा डबा) पण बदललेलं दिसते. त्रास असा की ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद समोरच्या न मागच्या चाकांकडे वाटणारा डबा, त्याले हाय न लो असे दोन गिअर) लो टाकून चढावर घेतली की दांडी आपोआप उडून न्यूट्रलमधी येते, हायमधी सारखा कुईं आवाज येऊन राहिला, आणि गिअरबॉक्सचं ऑईल कमी होते न ट्रान्सफर केसमधी वाढते. फोर व्हीलमधून काढाले गेलो तर दांडी निघतच नाही, थोडी रिव्हर्स घ्यावी लागते तेव्हा सुटते. एका गॅरेजवाल्यानं न उघडताच सगळं किट बदला म्हणून सांगितलं. पैसे लावायले तयार आहे पण आत काय आहे हे माहीत असल्याशिवाय नाही लावणार. सल्ला द्या.

वाडीचा_फिटर
भाऊ, किट नंतर पाहू, पहिले मोजून घ्या. ही केस स्पायसर 18 असणार, हिच्यात मागचा जॉईंट (केसपासून मागच्या हाऊसिंगपर्यंत जाणारा फिरता शाफ्ट) एका बाजूला सरकलेला असतो म्हणून हायमधी, टू व्हीलमधी सुद्धा सगळी ताकद मधल्या गिअरवरूनच जाते, त्याले आराम असा नाहीच, म्हणून त्याचा शाफ्ट न निडल बेअरिंग पहिले खातात आणि आवाज तिथूनच सुरू होते.
डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका चक्करले जॉईंटचे किती चक्कर, असा मोजा. गाडी न्यूट्रल, दोन्ही दांड्या न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर, बाकीच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक सोडा. चाकावर न जॉईंटवर खडूची खूण. चाक बरोबर 10 चक्कर फिरवा, जॉईंटचे मोजा. एक चाक जमिनीवर आहे म्हणून क्राऊन (डिफरन्शियलमधला मोठा गिअर) अर्धाच फिरते, हे विसरू नका, बरेच जण इथंच फसतात. जॉईंट 27 च्या जवळ फिरला तर 5.38, साडेचोवीसच्या जवळ तर 4.88, एकवीसच्या थोडं वर तर 4.27. समोरचं पण असंच मोजा, फ्री व्हील हब असतील तर लॉक करून.

काटोलरोडची_जीप
काल संध्याकाळी पुतण्याला घेऊन मोजलं, दोनदा. मागचं साडेचोवीसला थोडं कमी. समोरचं जवळपास 27. दुसऱ्यांदा पण तेच.

वाडीचा_फिटर
मग हेच मूळ आहे भाऊ. मागं क्राऊनचे 39 दात न पिनियनचे (त्याले फिरवणारा छोटा गिअर) 8, समोर 43 न 8. फोर व्हील लावलं की दोन्ही जॉईंट एकाच स्पीडनं फिरतात पण समोरची चाकं साधारण नऊ टक्के हळू फिरायले पाहतात, म्हणजे समोरची चाकं ब्रेक धरल्यासारखी ओढत जातात. तुमच्या काळ्या मातीत चाक घसरते म्हणून भागलं, पण डांबरी रस्त्यावर किंवा मुरमावर ते सगळं पीळ ट्रान्सफर केसच्या दातांवर बसते. दांडी न निघणं न रिव्हर्स घेतल्यावर सुटणं, ही त्याचीच खूण. केस कितीही चांगली बांधा, हाऊसिंग असंच ठेवलं तर परत खाईल.

सावनेरकर
फिटरभाऊंशी सहमत. शेत न पांदण रस्ताच करायचा असेल तर मागं पण 5.38 करा, हायवेले जास्त जात असाल तर समोर 4.88. क्राऊन-पिनियन जोडीनंच घ्या, एक नवा एक जुना असं बिलकुल नको. क्राऊनवर 8 43 किंवा 8 39 असे आकडे ठोकलेले असतात, भंगारवाल्याकडे गेल्यावर पुसून तेच पहा, त्याच्या तोंडावर जाऊ नका.
लोचा रेशो पण मोजून टाका. मागचा जॉईंट ट्रान्सफर केसकडून सोडा, ग्लो प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशन नाही लागत, टॉप गिअर न लो टाका, क्रँकच्या बोल्टले पाना लावून फिरवा. फ्लँजचे 10 चक्कर व्हायले क्रँकचे 24-25 लागले तर 2.46 वाली केस, 20 च्या आत झाले तर जुन्या लढाईतल्या जीपची 1.97 वाली.

काटोलरोडची_जीप
24 न थोडं वर. म्हणजे केस बरोबर आहे. रविवारी खाली उतरवली, खालचं झाकण काढलं. मधल्या शाफ्टचं मागचं लॉक काढून पितळी पंचनं मागच्या बाजूला शाफ्ट काढला. त्याच्यावर निडलनं अशी नाली पाडली आहे की नख अडकते, थ्रस्ट वॉशरची एक बाजू पातळ. गिअरचे दात मात्र बरे दिसतात, फक्त लोच्या दाताचं टोक गोल झालं आहे. वरच्या ब्रीदरमधी (हवा सुटायचं छिद्र) माती घट्ट भरली होती, टाचणीनं पण जात नव्हती.

वाडीचा_फिटर
मस्त काम केलं. ब्रीदर बंद म्हणून गरम झालं की आत प्रेशर होते न ऑईल सीलमधून ढकलल्या जाते, आपल्या 45 डिग्रीच्या उन्हात तर जास्तच. ब्रीदर धुवा, गिअरबॉक्स न केसच्या मधलं सील नवीन टाका.
शाफ्ट नवीनच घ्या पण आधी व्हर्निअरनं मोजा, हे तीन साईजमधी येतात, पाऊण इंच, सव्वाला एक सूत कमी म्हणजे 1⅛, आणि 1¼. दुकानदार जीपचा म्हणून कोणताही देऊन देते. शाफ्टवरची ओ-रिंग विसरू नका.
दांडी उडते त्याच्यासाठी फोर्क (गिअर सरकवणारा काटा) घासला का पहा, बॉल न स्प्रिंग नवीन टाका, लोचा गोल दाताचा गिअर बदला. शेवटी आउटपुट शाफ्टचा एंड प्ले (मागंपुढं हलायची ढिलाई), मागच्या कॅपखालच्या शीम (पातळ पत्रे) कमीजास्त करून डायल गेजवर चार ते आठ थाऊमधी (इंचाचा हजारावा भाग) आणा. अंदाजानं हलवून बरोबर आहे म्हणणारा मिस्त्री असेल तर त्याच्याकडे बांधू नका.

काटोलरोडची_जीप
शाफ्ट 1¼ निघाला. सामान सांगितलं आहे, मागं 5.38 करायचं ठरवलं, पेरणीच्या आधी गाडी खाली उभी पाहिजे. हिंगण्याच्या एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्याकडे डायल गेज आहे, तो म्हणतो केस घेऊन ये, इथंच शीम लावू. फोर्क पण घासलेला निघाला, तो नवीन भेटते का कुठं?

सावनेरकर
माझ्याकडे एका उघडलेल्या केसचा पडून आहे, लोची बाजू चांगली आहे. निरोप टाका, शनिवारी सीताबर्डीले येणारच आहे, घेऊन येतो.