पुन्हा तीच दोघं : जन्मोजन्मीच्या कादंबऱ्या आणि आपण

दोन माणसं, चार-पाच जन्म, दर वेळी नव्याने ओळख. अशी कादंबरी तुम्ही वाचली असेल, अर्ध्यात टाकली असेल, लिहायला घेतली असेल. कथानक सांगू नका, तुमचं काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करते.

पहिल्यांदा वाचताना मी तिसऱ्या जन्मातच हरवले. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तक्ता काढला : डावीकडे ती, उजवीकडे तो, खाली जन्म. चौथ्या ओळीला कळलं, बाजूच बदलल्या आहेत, ज्याला मी 'तो' धरलं होतं ती इथे कुणाची तरी आई आहे. खोडून खोडून पान फाटलं. पुस्तक मैत्रिणीला दिलं, तर तिने परत देताना माझ्या तक्त्यातली एक चूक दुरुस्त करून ठेवली होती!

✻

मी अनुवादक. मूळ इंग्रजीत निवेदक दर जन्मात 'मी' म्हणूनच बोलतो आणि तो बाई की पुरुष, हे एका जन्मात शेवटपर्यंत झाकलेलं. मराठीत पहिल्याच वाक्याला गोची : 'मी आलो' की 'मी आले'? मग सकर्मक क्रियापदांचा आसरा घेतला. 'मी दार उघडलं', 'मी पत्र वाचलं' यात काही उघडं पडत नाही. परिणाम असा की माझा निवेदक साठ पानं कुठे गेला नाही, बसला नाही, हसलासुद्धा नाही. 'विसरणं' मात्र सकर्मक असूनही दगा देतं : विसरलो, विसरले. म्हणजे त्याला काही विसरताही येईना. पुनर्जन्माच्या गोष्टीत हे फारच शोभून दिसलं, ते सोडा.

शिवाय 'तू' की 'तुम्ही'. एका जन्मात ती त्याची शिक्षिका, तिथे 'तुम्ही'. शेवटच्या जन्मात अनोळखी म्हणून समोर येतात आणि त्याच्या तोंडून एकदम 'तू' निघतं, हे मी घातलेलं. संपादकांनी आधी लाल खूण केली, मग स्वतःच खोडली.

✻

'हे जन्माबिन्माचं परदेशी फॅड' असं मी म्हणाले, तर संस्कृत शिकलेल्या आत्याने झापलं. अगं, 'कादंबरी' हा शब्दच आपण कुठून उचलला? हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाची ७व्या शतकातली 'कादंबरी'! त्यातला चंद्रापीड पुढच्या जन्मी शूद्रक राजा होतो, पुंडरीक आधी वैशंपायन आणि मग पोपट. तो पोपट राजाला गोष्ट सांगतो, आणि ती आपलीच आहे हे ऐकणाऱ्या राजाला ठाऊक नसतं. आत्याचा राग वेगळाच : पुरुष जन्म घेत फिरतात, आणि महाश्वेता, कादंबरी या त्यांच्या प्रेयसी त्याच जन्मात वाट बघत बसतात. बाण तर पुस्तक पुरं करण्याआधीच गेला, उत्तरार्ध मुलाने लिहिला. एका पुस्तकाला दोन आयुष्यं लागली.

✻

मला नाही आवडत हा प्रकार. पाच जन्मांत एकदाही एकमेकांचा कंटाळा येत नाही? आमचं एकाच जन्मात तीनदा झालंय.

✻

मी लिहितोय, सहा वर्षं. अडलंय ते ओळखीच्या खुणेवर. तीळ, लॉकेट नको होतं, म्हणून बोलताना चष्म्याची काडी चावायची सवय दिली. चार प्रकरणं झाल्यावर लक्षात आलं, माझा पहिला जन्म १२व्या शतकातला आणि चष्मा युरोपातसुद्धा १३व्या शतकाच्या अखेरीस आला. आता तो वाक्य संपवायच्या आधी थांबतो, एवढंच. तीळच बरा होता असं अधूनमधून वाटतं.

✻

आम्ही रात्री मोठ्याने वाचायचो, एक प्रकरण ह्यांचं, एक माझं. चौथ्या जन्माच्या मध्यावर हे गेले. पानात गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीची खूण तशीच होती. दोन वर्षांनी उघडलं, तर पुढची पाळी ह्यांची. ते प्रकरण सोडून मी माझं वाचलं, मग त्याच्या पुढचं माझं, असं शेवटपर्यंत. ह्यांची प्रकरणं अजून तशीच आहेत. कुणी वाचलं असेल तर त्यात काय होतं ते सांगू नका.