ताक-भाकरीवर तेरा वर्षं जगलेला मोत्या आणि जुलाबांनी हैराण गब्बर

गब्बरचा मालक
या वर्षात गब्बरचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं. (लॅब्राडॉर, चार वर्षांचा, ३४ किलो, अखंड भुकेला.) शी पातळ, शेवटी शेंबडासारखी आव. दिवसातून सहा-सात वेळा खाली न्यायचं, त्यात एकदा रात्री तीन वाजता, लिफ्ट बंद असताना. शी तपासून आणली, जंत निघाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, घरचं बंद करा, हे कुत्र्यांच्या तयार खाण्याचं पोतं आणा. पोत्याची किंमत इथे लिहीत नाही, घरात अजून कुणाला कळलेली नाही.

गावी आमचा मोत्या होता. सकाळी ताकात कुस्करलेली भाकरी, रात्री दूध-पोळी नाहीतर उरलंसुरलं. तेरा वर्षं जगला, दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर पोसला गेलाय. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलंच आहे की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे भाकरी त्याच्या रक्तात आहे. मग हे पोत्यांचं, पुड्यांचं, प्रोबायोटिकचं (पोटात चांगले जंतू सोडायचे म्हणे) खूळ कशाला? कुत्र्यांची पोटं नाजूक झाली की आपण?

शेपूटवाली
मोत्या तेरा वर्षं जगला हे मान्य. त्याच्याबरोबर जन्मलेली बाकीची पिल्लं कुठे गेली? आमच्याही गावात एका वेतातली सहा पिल्लं दिवाळीत खेळायची आणि संक्रांतीला त्यातलं एक उरायचं. रक्ताचे जुलाब होऊन गेली, जंतांनी पोट फुगून गेली, त्यांच्या आठवणी कुणी लिहीत नाही. वाचलेल्या एकाला बघून भाकरीचे गोडवे गायचे!

आणि जनुकाचं म्हणता, तर ते पिष्टाचं आहे. भाकरी पचते म्हणून दूधही पचतं, हे कुठून आलं? गब्बरला रोज दूध किती देता?

गब्बरचा मालक
अर्धा लिटर. म्हशीचं. दोन वेळा मिळून. पण तो लहानपणापासून पितोय.

निवांत
अर्धा लिटर म्हशीचं! मला चहापुरतं मिळतं.

बालाघाटी
मालकांच्या बाजूने बोलतो. लातूरकडे आमच्या घरात तीन पिढ्या कारवान जातीची कुत्री आहेत. ज्वारीच्या नाहीतर मक्याच्या कण्या, दूध, थंडीत अंडं. पाकिटातलं खाणं त्यांनी हुंगलेलं नाही. बरगड्या दिसतात, तशाच दिसायला हव्यात, पण शी कशी, तर उचलली तर हाताला लागणार नाही. फरक एवढाच की आमची कुत्री रानात दहा-बारा किलोमीटर पळतात, आणि त्यांचं खाणं वर्षानुवर्षं तेच असतं. शहरात सकाळी पोळी, दुपारी बिस्किट, संध्याकाळी पनीर, रविवारी मटणाचा रस्सा. पोट बिचारं करणार काय?

गुरांचा डॉक्टर
माझा दिवस गाई-म्हशींत जातो, कुत्री अधूनमधून येतात, तरी लिहितो.

दुधातली साखर पचवायला लागणारं पाचकद्रव्य पिल्लात भरपूर असतं, आईचं दूध सुटलं की कमी होत जातं. किती कमी, हे कुत्र्यागणिक वेगळं. म्हणून कारवानला चालतं आणि गब्बरला नाही, यात विरोध काही नाही. अर्धा लिटर दुधात ही साखर साधारण २५ ग्रॅम असते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढते, आंबते, वायू होतो. म्हशीच्या दुधात वर स्निग्धांश, अर्ध्या लिटरला ३० ग्रॅमच्या पुढे. दही लागताना जंतू साखर थोडी खातात, सगळी नाही. ताकात मुळात दूध थोडं आणि पाणी जास्त. मोत्याला सकाळचं ताक मानवलं ते यामुळे.

दुसरं म्हणजे शीचं वर्णन नीट करा. वारंवार, थोडी थोडी, कुंथून, आवेसकट, तर बिघाड बहुधा मोठ्या आतड्याचा. वेळा कमी पण ढीगभर, आणि वजन उतरतंय, तर लहान आतड्याकडे बघावं लागतं. डांबरासारखी काळी शी दिसली तर इथे धागा काढत बसू नका, कुत्रं उचला आणि दवाखाना गाठा. गब्बरचं वर्णन पहिल्या प्रकारातलं वाटतं.

तिसरं, शीची तपासणी एकदा करून भागत नाही. जिआर्डिया नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवी रोज सापडत नाही, दोन-तीन दिवसांचे वेगवेगळे नमुने द्यावे लागतात.

शेपूटवाली
डॉक्टर, प्रोबायोटिकबद्दल बोला ना. पहिल्या पोस्टीत त्याला 'खूळ' म्हटलंय.

गुरांचा डॉक्टर
खूळ नाही आणि अमृतही नाही. साधे जुलाब बहुतेक कुत्र्यांत चार-पाच दिवसांत आपोआप थांबतात, म्हणून पुडी दिली आणि थांबले की श्रेय पुडीला जातं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. जुलाब दिसले की मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक. घरात माणसांसाठी आणलेली उरलेली पट्टीसुद्धा लोक कुत्र्याला देतात. निरोगी कुत्र्यांना ते दोन आठवडे देऊन पाहिलंय. बंद केल्यावर चार आठवड्यांनीही काहींच्या आतड्यातले जंतू पूर्वपदावर आले नव्हते. ताप नाही, कुत्रं हसतंखेळतं आहे, तर प्रतिजैविक लागतंच असं नाही.

निवांत
म्हणजे जंत मारायचे आणि जंतू जगवायचे. उकारात सगळं वैद्यक आलं.

फ्रीमाँटकर
इकडून, अमेरिकेतून, एक इशारा. आमच्याकडे उलटी फॅशन आली होती. धान्य वाईट, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्याचा कणही देऊ नका. आम्हीही आमच्या बीगलला वाटाणा-मसूरवालं महागडं खाणं दोन वर्षं घातलं. मग २०१८ मध्ये इथल्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) जाहीर केलं की अशा खाण्यावरच्या कुत्र्यांत हृदय मोठं होण्याच्या आजाराच्या तक्रारींची चौकशी चालू आहे. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण आम्ही गपचूप भातावर आलो. त्यामुळे पोतं बघून भारावूही नका. मात्र घरच्या खाण्यात कॅल्शियमचा हिशेब कोण करतं? नुसत्या चिकन-भातावर पिल्लू वाढवलं तर पाय वाकतात. जुलाबाच्या तीन-चार दिवसांना चिकन-भात उत्तम, जन्मभर नाही.

बालाघाटी
वाढत्या पिल्लाचं पटलं. आमच्याकडे दूध असतं म्हणून निभावतं, हे लक्षात आलं नव्हतं.

गब्बरचा मालक
ठीक. दूध बंद करतो, पण पोतं आणणार नाही. आठवडाभर मऊ भात, उकडलेलं चिकन बिनमिठाचं, आणि डॉक्टर, लाल भोपळा चालेल का? बायकोने कुठेतरी वाचलंय.

गुरांचा डॉक्टर
चालेल. वाफवून कुस्करलेला, दोन मोठे चमचे, नुसता. भाजी नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. भोपळ्यातला विरघळणारा चोथा मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून निघणारी आम्लं आतड्याच्या अस्तराचं खाद्य असतात. चिमूटभर इसबगोलही चालतं, पण पाणी भरपूर ठेवा. आणि नंतर जे काही सुरू कराल ते हळूहळू, जुनं कमी, नवं जास्त, असं आठवडा-दहा दिवसांत.

गब्बरचा मालक
(बारा दिवसांनी)
कळवायचं राहिलं. चौथ्या दिवसापासून शी घट्ट, आव नाही. नवे दोन नमुनेही दिले, जिआर्डिया नाही. आता सकाळी ज्वारीची भाकरी पातळ ताकात, रात्री भात, चिकन, भोपळा, अंडं. पोतं न आणता! भाकरी जिंकली.

शेपूटवाली
भाकरी कशी जिंकली? भाकरी-पोळी आधीही खात होताच की. गेलं ते दूध. दुसरं काही बंद केलंत का?

गब्बरचा मालक
तसं काही नाही. म्हणजे, बाबा गावी गेलेत.

शेपूटवाली
त्याचा काय संबंध?

गब्बरचा मालक
ते चहाबरोबर त्याला खारी देतात. आणि बहुतेक फरसाण. "एवढ्याशानं काय होतंय" म्हणतात.

निवांत
रोज?

गब्बरचा मालक
दोन्ही वेळच्या चहाला.

शेपूटवाली
मग दूध गेल्याने बरं झालं की खारी गेल्याने, हे तुम्हाला कसं कळणार? दोन्ही एकदम बंद झालं.

गब्बरचा मालक
बाबा रविवारी परत येतायत. सोमवारी कळेल.