पश्चिम घाटाचे अहवाल आणि मतपेटी

घाटमाथा: २०१४ च्या लोकसभेला केरळच्या इडुक्कीत काय झालं, यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस पश्चिम घाट राखायला बंधनं सुचवणाऱ्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाच्या बाजूने ठाम उभे राहिले. पक्षाने त्यांचं तिकीट कापलं, तरीही जागा गेली. अहवालविरोधी आंदोलनातले जॉइस जॉर्ज डाव्यांच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून आले. नंतरच्या कस्तुरीरंगन समितीने बंधनांचं ‘पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र’ घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणलं, पण केंद्र अजून त्याच्या अधिसूचनेचे मसुदेच काढतंय. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये दरडी कोसळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

इडुक्कीचा माणूस घाटाचा वैरी नाही. पाणी खालच्यांनी प्यायचं आणि बंधनं वरच्यांनी सोसायची, याचा तो राग होता, असं माझं मत.

लालमाती: अजिबात पटत नाही. राग पेटवला गेला. कस्तुरीरंगन अहवालात बंदी कशावर? खाणी, दगड-वाळू उपसा, औष्णिक वीज, लाल वर्गातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग, २० हजार चौरस मीटरवरची बांधकामं. एवढं घर कुठल्या शेतकऱ्याचं असतं? तरी ‘घर बांधता येणार नाही’ ही आवई घरोघर पोचली. खाणवाल्याचं नुकसान शेतकऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं. आणि दरडीखाली गेलेल्या माणसांचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

देवगडकर: लालमाती, तुम्ही सोयीचा अहवाल निवडलात. गाडगीळ समितीने पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या झोनमध्ये रासायनिक कीटकनाशकं पाच वर्षांत बंद करायला सांगितली होती. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडा बसला की चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि मोहोर गळतो. एक फवारणी हुकली तर वर्ष गेलं. औषध, पंपाचं पेट्रोल, गड्यांची मजुरी, सगळं कर्जावर. फवारणी सोडायला मी तयार आहे, पण मधल्या वर्षांची तूट कोण भरणार ते लेखी द्या. तोवर माझं मत विरोधातच.

लालमाती: देवगडकर, मोबदल्याचा विचार त्याच अहवालात आहे. मातीत कार्बन साठवणाऱ्या शेतकऱ्याला पैसे, देवराई राखणाऱ्याला पैसे, आणि निर्णय ग्रामसभेत. पण सरकारने २०११ चा अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकारात भांडून २०१२ मध्ये तो बाहेर आला, तोवर अफवांना रान मोकळं होतं.

पायवाट: २०१८ च्या पुरानंतर, २०१९ ला इडुक्कीत काँग्रेस परत आली की. लोकांना पटलं म्हणायचं?

घाटमाथा: तसं नाही म्हणता येणार. त्या वर्षी शबरीमला मंदिरातल्या महिलांच्या प्रवेशाचा वाद होता, राहुल गांधी वायनाडातून उभे होते, केरळात २० पैकी १९ जागा त्यांच्या आघाडीला गेल्या. त्यात पूर शोधू नये.

लालमाती, मोबदला अहवालात होता हे मान्य. पण गावात पोचली ती बंधनांची यादी. मसुद्यातल्या संवेदनशील क्षेत्रात महाराष्ट्रातली दोन हजारांवर गावं आहेत. तिथल्या ग्रामसभेपुढे मोबदल्याचा आकडा आधी ठेवा आणि नकाशा नंतर, एवढीच माझी मागणी आहे.

देवगडकर: आकडा येऊ दे. मग बोलू.