फाटकावरच्या दिव्याचा गोळा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. आर्वीजवळच्या खेड्यात घर आहे. फाटकाच्या खांबावरचा १० इंची दुधी गोळा परवा वानरांनी फोडला. तसाही उन्हानं पिवळा पडून मानेपाशी बारीक तडे गेलेच होते.

दुकानातून १० इंचीच आणला, पण मान बसेना. खांबावर गोळा धरणाऱ्या कड्याचं आतलं माप १०० मिमी, मानेचं बाहेरचं १०५. कानशीनं घासली तर चिरली. कडं तीन स्क्रूचं, आत ९ वॅटचा एलईडी. खांब बदलायचा नाही. काच नको, खाली लेकरं खेळतात.

अॅक्रिलिक ठिसूळ, म्हणून पॉलिकार्बोनेटच घ्यावं असं वाटतं. पण यूव्ही (उन्हातल्या अतिनील किरणांपासून) संरक्षण नसलं तर तेही पिवळं पडतं, आणि मे महिन्यात इथलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.

१०० मिमीच्या आत मान असलेला असा गोळा अमरावती-नागपुरात कुठे मिळेल? आणि तो खरंच यूव्हीवाला आहे हे दुकानात कसं ओळखायचं?